अज्ञात इसमांविरुद्ध राज्य सरकार: पोर्टलँड, जुलै २०२०

१७ जुलै २०२० रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या ॲटर्नी जनरल एलेन रोझेनब्लम यांनी पोर्टलँड येथील संघीय जिल्हा न्यायालयात एक दावा दाखल केला. होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) विभाग, कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, मार्शल्स सर्व्हिस आणि फेडरल प्रोटेक्टिव्ह सर्व्हिस ही केंद्राची खाती त्यात प्रतिवादी होती. मात्र दाव्याच्या शीर्षकात जे नाव आहे ते यांपैकी कोणाचेच नाही. ते आहे ‘जॉन डो १ ते १०’. ज्याचे खरे नाव ठाऊक नाही अशा पक्षकारासाठी अमेरिकी न्यायालये हे नाव वापरतात. आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘अज्ञात इसमांविरुद्ध’ गुन्हा नोंदवतात, त्यातलाच हा प्रकार. येथे मात्र फिर्यादी एक घटक राज्य होते आणि अज्ञात इसम म्हणजे केंद्र सरकारच्या पगारावरचे, गणवेशातले, सशस्त्र कर्मचारी होते.

या प्रकरणावर तेव्हा बरेच लिहिले गेले. बहुतेकांनी ते अध्यक्ष ट्रम्प आणि पोर्टलँड शहर यांच्यातला राजकीय झगडा म्हणून मांडले, आणि तसा तो होताही. पण ज्या राज्याला आपल्याच भूमीवर आपल्या नागरिकाला कोणी उचलून नेले हे शोधता आले नाही, त्या राज्याची अडचण राजकारणापेक्षा खोल आहे. या लेखात त्या अडचणीचाच माग घ्यायचा आहे.

१५ जुलैची पहाट

जॉर्ज फ्लॉइड यांचा मिनियापोलिस येथे २५ मे २०२० रोजी पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच पोर्टलँडमध्ये सुरू झालेली निदर्शने रोज रात्री होत राहिली. त्यांचे केंद्र शहराच्या मध्यभागी थर्ड ॲव्हेन्यूवर असलेली मार्क हॅटफिल्ड संघीय न्यायालयाची इमारत आणि शेजारचे जस्टिस सेंटर हे होते. जुलैच्या मध्यापर्यंत गर्दी ओसरत चालली होती.

१५ जुलैच्या पहाटे दोनच्या सुमारास निदर्शनांहून घरी निघालेल्या एका तरुणासमोर एक साधी मिनीव्हॅन येऊन थांबली. त्या गाडीवर कोणत्याही खात्याचे नाव नव्हते. लष्करी छापाच्या कपड्यांतली माणसे तिच्यातून उतरली, त्यांनी त्याला गाडीत घातले आणि डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढली, त्यामुळे आपल्याला कोठे नेत आहेत हे त्याला दिसले नाही. आपण संघीय न्यायालयाच्या इमारतीत होतो हे त्याला नंतर कळले. तेथे एका कोठडीत त्याला त्याचे हक्क वाचून दाखवण्यात आले; वकिलाशिवाय बोलायला त्याने नकार दिला; सुमारे दीड तासाने त्याला सोडून देण्यात आले. त्याच्या हाती कोणताही कागद दिला गेला नाही. आरोप नाही, समन्स नाही, अटकेची नोंदही नाही. ओरेगन पब्लिक ब्रॉडकास्टिंगने ही हकिगत १६ जुलै रोजी प्रसिद्ध केली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका घटनेची चित्रफीत पसरली. लष्करी छापाच्या गणवेशातली दोन माणसे फुटपाथवरच्या काळ्या कपड्यांतल्या एका व्यक्तीकडे चालत जातात आणि तिला बिनखुणेच्या गाडीत बसवतात. ‘तुम्ही कोण?’ असे आजूबाजूचे लोक ओरडून विचारत असतात. उत्तर येत नाही. त्या माणसांच्या अंगावर ‘पोलीस’ एवढा शब्द होता. तो शब्द कोणत्याही दुकानातून विकत घेतलेल्या पट्टीवरही असू शकतो, आणि त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अनेक शहरांत खासगी सशस्त्र टोळ्या अशाच छापाच्या कपड्यांत रस्त्यावर दिसत होत्या, हे येथे विसरता येत नाही. आपल्या दिशेने येणारा माणूस सरकारचा आहे की अपहरणकर्ता, हे अंगावरच्या कपड्यांवरून सांगता येत नसेल, तर पळावे की हात वर करावेत याचा निर्णय माणसाला अंदाजाने घ्यावा लागतो. अंदाज चुकला तर एका बाजूला अटकेला विरोध केल्याचा गुन्हा आहे आणि दुसऱ्या बाजूला जिवावरचा धोका.

गोंधळ केवळ नागरिकांचा नव्हता. लष्करासारखे दिसणारे गणवेश नागरी दलांनी घातल्यामुळे लोकांना सैनिक आणि पोलीस यांत फरक करता येत नाही, ही चिंता संरक्षणमंत्री मार्क एस्पर यांनी प्रशासनातच मांडली होती, असे पेंटॅगॉनच्या प्रवक्त्याने त्याच महिन्यात सांगितले.

ही माणसे आली कोठून

२६ जून २०२० रोजी ट्रम्प यांनी पुतळे, स्मारके आणि संघीय मालमत्ता यांच्या संरक्षणासाठी एक कार्यकारी आदेश काढला. १ जुलै रोजी होमलँड सिक्युरिटी विभागाने त्यासाठी कृतिदल नेमले आणि पोर्टलँडला कुमक गेली. न्यायालयाच्या इमारतीची रखवाली एरवी फेडरल प्रोटेक्टिव्ह सर्व्हिस करते. तिच्या मदतीला आलेल्यांत सीमा गस्ती दलाचे बॉरटॅक हे विशेष पथकही होते. हे पथक १९८४ मध्ये स्थलांतरितांच्या बंदिगृहांतले दंगे मोडण्यासाठी उभारले गेले आणि पुढे सीमेवरच्या सशस्त्र टोळ्यांविरुद्धच्या मोहिमांत वापरले जाऊ लागले. शहराच्या चौकात हजारो नागरिकांसमोर उभे राहणे हे त्याचे नित्याचे काम नव्हते.

कायद्याचा आधार मात्र होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. २००२ च्या होमलँड सिक्युरिटी कायद्याने अमेरिकी संहितेच्या चाळिसाव्या शीर्षकातील कलम १३१५ ला जे रूप दिले, त्यानुसार विभागाचे सचिव आपल्या खात्यातील कर्मचाऱ्यांना संघीय मालमत्तेच्या संरक्षणासाठी नेमू शकतात. असे नेमलेले अधिकारी मालमत्तेच्या आवारात तर अटक करू शकतातच, पण मालमत्तेच्या व तेथील माणसांच्या संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्या मर्यादेत आवाराबाहेरही काम करू शकतात. ‘आवश्यक तेवढ्या’ या शब्दांची लांबी किती धरायची, यावर वाद होता. इमारतीच्या पायऱ्यांवर फटाके फेकणाऱ्याला पकडणे त्यात बसते. काही चौक दूर, घरी निघालेल्या माणसाला गाडीत घालणे बसते काय, हा खरा प्रश्न होता. पोर्टलँडचे महापौर टेड व्हीलर आणि गव्हर्नर केट ब्राऊन या दोघांनीही ही दले परत न्यावीत अशी मागणी जाहीरपणे केली होती. कलम १३१५ नुसार त्यांच्या संमतीची गरज नव्हती. शहराच्या पोलीस खात्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते व्हीलर २२ जुलैच्या रात्री निदर्शकांमध्ये उभे असताना संघीय दलांनी सोडलेल्या अश्रुधुरात सापडले.

विभागाचे प्रभारी सचिव चॅड वुल्फ १६ जुलै रोजी पोर्टलँडला आले. शहराला ‘हिंसक अराजकवाद्यांनी’ वेढा घातला आहे, ही त्यांची मांडणी होती. इमारतीवर रोज रात्री हल्ले होत होते, आगी लावण्याचे प्रयत्न झाले, अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर लेझरचे झोत मारले गेले. हे सर्व खरे होते. ११ जुलै रोजी एका निदर्शकाच्या डोक्यावर संघीय अधिकाऱ्याने झाडलेली बोथट गोळी बसून त्याची कवटी फुटली, हेही तितकेच खरे होते. व्हॅनच्या बातम्या पसरल्यावर ओसरलेली गर्दी पुन्हा हजारोंच्या घरात गेली. ज्या उपायाने रस्ता शांत व्हायचा, त्यानेच तो भरला.

नाव आणि क्रमांक

चित्रफीत गाजल्यावर कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनने खुलासा केला. संबंधित व्यक्तीवर संघीय अधिकाऱ्यांवरील हल्ल्याचा किंवा मालमत्तेच्या नासधुशीचा संशय होता. जमाव चालून येत होता म्हणून तिला सुरक्षित जागी हलवले. अधिकाऱ्यांनी स्वतःची ओळख दिली होती आणि त्यांच्या गणवेशावर खात्याचे चिन्ह होते. नावे मात्र लावलेली नव्हती, कारण अलीकडे अधिकाऱ्यांची खासगी माहिती इंटरनेटवर उघड केली जात होती. फेडरल प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसचे वरिष्ठ अधिकारी क्रिस क्लाइन यांनी काही दिवसांनी वार्ताहरांना सांगितले की चित्रफितीतली कारवाई ही अटक नव्हतीच, चौकशीपुरती भेट होती.

या खुलाशाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत, कारण एकाच्या आधाराने दुसरा खपवला गेला.

पहिला भाग नावांचा. अधिकाऱ्याचे आडनाव छातीवर असेल आणि आडनाव विरळ असेल, तर त्याचे घर शोधणे आज काही मिनिटांचे काम आहे. घरी बायकामुले असलेल्या माणसाची ही भीती मला खोटी वाटत नाही. पोर्टलँडच्या शहर पोलिसांनीही त्याच उन्हाळ्यात याच कारणाने नावांऐवजी क्रमांक लावण्याची वाट धरली होती. क्रमांकाने घर सापडत नाही, पण खात्याच्या दप्तरात त्या क्रमांकापुढे एक नाव असते आणि न्यायाधीशाने मागितले तर ते मिळते. म्हणजे अधिकाऱ्याची सुरक्षितता आणि त्याची ओळख यांच्यातला झगडा अटळ नाही. गणवेशावर चार आकडे शिवल्याने तो बराचसा मिटतो. संघीय दलांनी नाव झाकले तेव्हा त्या जागी रस्त्यावरून वाचता येईल असा क्रमांक का लावला नाही, याचे उत्तर खुलाशात नव्हते.

दुसरा भाग ‘अटक नव्हती’ या म्हणण्याचा. येथे अमेरिकी कायदा चांगलाच स्पष्ट आहे. १९७९ च्या डनवे विरुद्ध न्यूयॉर्क या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध गाडीत घालून चौकशीसाठी ठाण्यावर नेणे हे अटकेहून वेगळे मानता येत नाही. त्यासाठी अटकेइतकेच सबळ कारण लागते. पोलिसांनी त्याला अटक म्हटले नाही, नोंद केली नाही, म्हणून ती अटक उरत नाही असे होत नाही. शब्द बदलण्याचा एक व्यावहारिक परिणाम मात्र होतो. अटक म्हटली की कागद तयार होतो: वेळ, जागा, कारण, कोणी केली. भेट म्हटली की कागद होत नाही.

छातीवर नाव नाही, क्रमांक नाही. गाडीवर खूण नाही. आणि घटनेचा कागदही नाही. यांतली एखादी गोष्ट जरी असती तरी माग काढता आला असता.

न्यायालयात काय झाले

रोझेनब्लम यांची मागणी माफक होती. अधिकाऱ्यांनी कोणालाही ताब्यात घेण्यापूर्वी आपली व आपल्या खात्याची ओळख सांगावी, कारण सांगावे, आणि सबळ कारणाशिवाय कोणाला उचलू नये, असा तातडीचा हुकूम त्यांना हवा होता. न्यायाधीश मायकेल मॉसमन यांनी २४ जुलै रोजी तो नाकारला.

नकाराचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संघीय दलांचे वर्तन योग्य होते, असा निर्णय त्यांनी दिला नाही. असा दावा आणण्याचा अधिकार राज्याला पोहोचत नाही, एवढेच ते म्हणाले. ज्याला इजा झाली त्या नागरिकाने स्वतः दाद मागावी. त्याच्या वतीने राज्याला यायचे असेल, तर राज्याचे स्वतःचे, व्यक्तीच्या हिताहून वेगळे असे हित धोक्यात आहे आणि हा प्रकार पुन्हा घडण्याची खरी शक्यता आहे, हे दाखवावे लागेल. पुढच्या वर्तनाला मनाई हवी असेल तर मागे झालेली इजा पुरेशी नसते, ही कसोटी अमेरिकी न्यायालयांत १९८३ च्या लायन्स निकालापासून रूढ आहे. राज्याने पुढे ठेवलेल्या घटना जेमतेम दोन होत्या.

पेच इथेच आहे. प्रकार वारंवार घडतो हे दाखवायला घटना मोजाव्या लागतात. घटना मोजायला नोंदी लागतात. नोंदी ज्यांनी करायच्या त्यांनी केलेल्या नव्हत्या, आणि त्यांना विचारायला जावे तर ते कोण हे ठाऊक नव्हते. पुरावा मिळू नये अशा रीतीने केलेल्या कामाला पुराव्याच्या अभावाचा लाभ मिळाला. मॉसमन यांनी लावलेला नियम जुना आहे आणि त्याला भक्कम आधार आहे, हे मान्य करूनही मला हा निकाल अस्वस्थ करतो, कारण त्या नियमामागे एक गृहीत आहे: नागरिकाला स्वतः दाद मागता येते.

ती खरोखर मागता येते काय? संघीय अधिकाऱ्यावर घटनाभंगाबद्दल भरपाईचा दावा करण्याची वाट १९७१ च्या ज्या निकालाने उघडली, त्याचे शीर्षक योगायोगाने असेच आहे: बिव्हेन्स विरुद्ध अमली पदार्थ विभागाचे सहा अज्ञात एजंट. नोव्हेंबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका घरात संघीय एजंट वॉरंटाशिवाय शिरले, तेथे राहणाऱ्या बिव्हेन्स यांना बायकामुलांदेखत बेड्या घातल्या आणि घर उलथेपालथे केले. त्यांनाही एजंटांची नावे ठाऊक नव्हती. पण जिल्हा न्यायालयाने हुकूम केला की सरकारी वकिलांच्या दप्तरात त्या अटकेत सहभागी म्हणून ज्यांची नोंद आहे त्यांच्यावर दाव्याची नोटीस बजावावी, आणि पाच एजंटांवर ती बजावली गेली. बिव्हेन्स यांचे प्रतिवादी अज्ञात होते ते फक्त फिर्यादीला. सरकारी दप्तराला ते ज्ञात होते. त्या दप्तरामुळे अर्धशतकभर टिकलेला कायदा जन्माला आला. १५ जुलैच्या पहाटेच्या घटनेत असे दप्तर नव्हते.

पुढे ही वाटही अरुंद झाली. जून २०२२ मध्ये एगबर्ट विरुद्ध बूल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीमा गस्ती दलाच्या अधिकाऱ्यावर बिव्हेन्सच्या आधारे दावा करू दिला नाही. पोर्टलँडच्या रस्त्यावर उतरलेल्यांत हेच दल होते.

वार्ताहर आणि कायदा निरीक्षक (निदर्शनांत पोलिसांच्या वर्तनावर नजर ठेवणारे) यांच्या दाव्यात न्यायाधीश मायकेल सायमन यांनी वेगळी दिशा घेतली. २३ जुलै रोजी त्यांनी, गुन्ह्याचे सबळ कारण नसेल तर, वार्ताहरांवर बळ वापरण्यास व त्यांना अटक करण्यास संघीय दलांना मनाई केली, आणि २० ऑगस्टच्या अंतरिम हुकमात दोन्ही पक्षांना बजावले की अधिकाऱ्यांच्या गणवेशावर किंवा शिरस्त्राणावर वाजवी अंतरावरून ओळखता येतील अशा अक्षर-आकड्यांच्या स्वतंत्र खुणा कशा लावायच्या, हे आपसांत ठरवा. कारण साधे होते: हुकूम कोणी मोडला हे कळल्याशिवाय हुकमाला अर्थ नाही. तेव्हाही त्यांनी नाव मागितले नाही, खूण मागितली.

यांदरम्यान २९ जुलै रोजी गव्हर्नर ब्राऊन यांचा संघीय प्रशासनाशी समझोता झाला, इमारतीबाहेरचा बंदोबस्त राज्य पोलिसांकडे गेला, आणि न्यायालयासमोरच्या रात्री बऱ्याच शांत झाल्या. होमलँड सिक्युरिटीच्याच महानिरीक्षकांनी एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जून ते ऑगस्ट या काळात पोर्टलँडला ७५५ अधिकारी पाठवले गेले आणि सुमारे १ कोटी २३ लाख डॉलर खर्च झाला. दले पाठवण्याचा अधिकार विभागाला होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याबरोबरच सर्व अधिकाऱ्यांचे आवश्यक प्रशिक्षण झालेले नव्हते आणि गणवेश, साधने व कार्यपद्धती यांत एकवाक्यता नव्हती, हेही नोंदवले.

त्यानंतरचा कायदा आणि त्यातली फट

अमेरिकी काँग्रेसने २०२१ च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घातले. नागरी अशांततेच्या प्रसंगी संघीय सत्तेच्या मदतीला आलेल्या सैनिकाने वा संघीय अधिकाऱ्याने आपले नाव किंवा फक्त त्याचीच ओळख पटवणारी अन्य खूण, आणि आपल्या दलाचे नाव, दिसेल असे लावले पाहिजे. ट्रम्प यांनी इतर कारणांसाठी तो संपूर्ण कायदा २३ डिसेंबर २०२० रोजी नाकारला. १ जानेवारी २०२१ पर्यंत दोन्ही सभागृहांनी तो नकार दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मोडून काढला.

भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही सापडेल. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जे अकरा निर्देश दिले, त्यांतला पहिलाच असा आहे की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट दिसणारी नावाची व हुद्द्याची पट्टी असावी, आणि चौकशी करणाऱ्यांचा तपशील नोंदवहीत लिहिला जावा. दुसरा निर्देश अटकेच्या वेळीच साक्षीदाराच्या सहीचा पंचनामावजा कागद करण्याचा आहे. नावाची पट्टी आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये कायम आहे. साध्या वेशातल्या पथकांनी हे नियम कितपत पाळले, याचा अनुभव महाराष्ट्रातल्या कोणत्याही फौजदारी वकिलाला आहे, आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. तरीही बसू निकालाने पट्टी आणि नोंदवही या दोन्हींची एकत्र मागणी केली, हे मला त्याचे मोठे शहाणपण वाटते. अमेरिकी कलमात केवळ पट्टी आली. ताब्यात घेतलेल्या माणसाच्या नावे कागद करण्याची सक्ती त्यात नाही.

शिवाय ते कलम ‘नागरी अशांतता’ या शब्दांना बांधलेले आहे. एरवी कामात गणवेश न घालणारे अधिकारीही त्यातून वगळलेले आहेत. २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीसाठी तोंडावर फडकी बांधलेले अधिकारी लॉस एंजेलिसपासून अनेक शहरांत उतरले, तेव्हा या मर्यादा उघड झाल्या. घरगुती कामगाराला बसथांब्यावर पकडणे ही नागरी अशांतता नव्हे. तेथे लागू होणारा जुना नियम ओळखीबाबत एवढेच सांगतो की शक्य व सुरक्षित होताच अधिकाऱ्याने आपण अटकेचा अधिकार असलेले इमिग्रेशन अधिकारी आहोत हे सांगावे. स्वतःचे नाव वा क्रमांक सांगण्याची गरज नाही. नुसत्या वेशावर विश्वास ठेवणे किती धोक्याचे, हेही दिसले: त्याच वर्षी १४ जून रोजी मिनेसोटात पोलिसाच्या वेशात आलेल्या मुखवटाधारी माणसाने राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची घरात गोळ्या घालून हत्या केली.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने दोन कायदे केले. एकाने कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांना काम करताना चेहरा झाकायला, काही अपवाद वगळता, मनाई केली. दुसऱ्याने गणवेशाशिवाय काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर आपल्या खात्याचे नाव आणि त्यासोबत स्वतःचे नाव किंवा बिल्ल्याचा क्रमांक, यांपैकी एक, दिसेल असे लावण्याचे बंधन घातले. राज्याला असे बंधन केंद्राच्या अधिकाऱ्यांवर घालता येत नाही, या भूमिकेवरून अमेरिकी न्याय विभागाने नोव्हेंबरमध्ये दोन्ही कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले. त्यातही अधिकाऱ्यांच्या खासगी माहितीला धोका आहे, हेच कारण पुढे करण्यात आले. मात्र दुसऱ्या कायद्यात नाव सक्तीचे नाही. बिल्ल्याचा क्रमांक पुरतो.